मासोळीच्या नावाने

सोमवार, १२ जानेवारी

ताई,

हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी एवढं कर. येत्या शनिवारी मासोळीला तलावावर एकटीला सोडू नकोस. तिची पोहण्याची निवड चाचणी आहे हे मला ठाऊक आहे. ती बुडवू नकोस, पण तू स्वतः तिच्याबरोबर जा. ती पाण्याबाहेर असेल तेवढा वेळ तिच्यापासून हलू नकोस. आणि मागच्या फाटकाने तर तिला अजिबात नेऊ नकोस.

आता बाकीचं. तू जाताना म्हणालीस, या घरातलं काही माझ्या फोनवर यायला नको, काय सांगायचं ते कागदावर सांगा. म्हणून कागदावर सांगतेय. तरी तुझा नंबर लावून पाहिला, भावोजींचाही पाहिला. दोन्हीकडे आम्हाला दार बंद आहे. कुरियरवाला म्हणाला, उद्या दुपारपर्यंत पोचेल.

सुट्टीत काय झालं ते पुन्हा उगाळत नाही. माझ्या बारकीने मासोळीचं शाळेतलं नाव आणि मासोळीचे फोटो लावून खोटं खातं उघडलं होतं. ते उघडकीला आलं, तू म्हणालीस आत्ताच्या आत्ता पुसून टाक, आणि आपण सगळे तिच्या भोवती डोकं घालून उभे असताना तिने ते पुसून टाकलं. मला वाटलं, विषय संपला. आता तुझं तोंड दिसणार नाही एवढंच काय ते उरलं.

विषय संपला नव्हता. त्या खात्यावर बारकी एकाशी बोलत होती.

मला हे आज कळलं. बारकी शाळा सुटल्यावर घरी न जाता थेट माझ्याकडे दातांच्या लॅबमध्ये आली. ती इथे कधी येत नाही. तिला मेणाचा आणि प्लास्टरचा वास सहन होत नाही आणि रांगेने मांडलेल्या कवळ्या पाहून तिला कसंतरी होतं. मी एक दाढ पॉलिश करत होते. ती स्टूल ओढून अगदी मशीनला खेटून बसली. मशीनच्या घरघरीत काहीतरी बोलली. मी बटणाकडे हात नेला तर म्हणाली, "बंद करू नको. चालू असलं तरच सांगेन."

मग त्या आवाजातच तिने सांगितलं. त्याने आपण सोळा वर्षांचे आहोत, दुसऱ्या गावच्या संघातून पोहतो असं सांगितलं होतं. खातं गेलं तेव्हा तो गप्प बसला नाही. खोट्या खात्याला बारकीने स्वतःचं खरं खातं जोडून ठेवलं होतं, माझी बहीण म्हणून. तिथून त्याने तिला शोधून काढलं. गेल्या आठवड्यापासून तो तिला लिहितोय. तुझी बहीण माझ्याशी का बोलत नाही, घरचे ओरडले का, तिला सांग मी शनिवारी तलावावर येतोय. आणि कुणाला सांगितलंस तर तिने मला जे जे लिहिलंय ते तिच्या शाळेत सगळ्यांना पाठवेन.

माझ्या हातातली दाढ कधी निसटली ते कळलं नाही. मशीनने ती भिंतीवर भिरकावली. ताई, खरं सांगते, तो फोन समोरच्या प्लास्टरच्या बादलीत बुडवावा असं वाटलं. बारकी रडत म्हणाली, हेही पुसून टाकू का? मी हो म्हणणारच होते. सुट्टीत आपण तेच तर केलं होतं.

कोण जाणे काय सुचलं, मी आधी तिच्या शाळेतल्या संगणकाच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, एक अक्षर पुसू नका, त्याला उत्तर देऊ नका, आहे तसा फोन घेऊन पोलिसांकडे जा. आणि मुलीला आज काही बोलू नका, ती आपणहून आली आहे. आता आम्ही तिकडेच निघालोय. तिचे बाबा बाहेर रिक्षा थांबवून उभे आहेत.

घाबरून जाऊ नकोस. बारकीने त्याला फार काही सांगितलेलं नाही. मासोळी पोहते, एवढंच त्याला माहीत आहे.

तुझी धाकटी


बुधवार, १४ जानेवारी

ताई,

पत्र पोचलं. कुरियरवाल्याने तुझी सही दाखवली. उत्तराची वाट पाहिली नाही असं म्हणणार नाही.

काल मी तलावावर फोन करून प्रशिक्षक बाईंना गाठलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तुझ्याशी बोलते म्हणाल्या. आज त्यांचाच फोन आला. आवाजातला अवघडलेपणा लपत नव्हता. तू त्यांना सांगितलंस म्हणे, की माझ्या बहिणीची मुलगी माझ्या मुलीवर जळते, चाचणीला ती जाऊ नये म्हणून हे नवीन काढलंय, आणि आता तिची आईही त्यात सामील आहे.

तुझा राग मी समजू शकते. एकदा जिने खोटं रचलं ती पुन्हा रचेल, असं मलाही वाटलं असतं. पण ताई, मी तक्रार लिहून दिली आहे. तक्रार घेणाऱ्या बाईंनी फोन ठेवून घेतला, सगळं वाचलं आणि तुमच्या गावच्या ठाण्याला कळवते म्हणाल्या. ते तुझ्याकडे कधी येतील, येतील की नाही, मला माहीत नाही. तोपर्यंत मी लिहिलेल्या शब्दाशिवाय तुझ्याकडे काही नाही, आणि त्या शब्दात मीच खोट ठेवली.

फार काही सांगितलेलं नाही असं मी लिहिलं. ते खरं नव्हतं, आणि लिहिताना मला ते माहीत होतं. निम्मं तिने मशीनपाशीच सांगितलं होतं, उरलेलं रिक्षात. तुझ्यासमोर आणखी खाली मान घालायची माझी तयारी नव्हती. आता वाच.

मासोळी कुठल्या तलावावर जाते ते त्याला माहीत आहे. ती मागच्या फाटकाने, सायकली लावतात तिथून बाहेर पडते, हे माहीत आहे. भावोजींना यायला उशीर होतो तेव्हा ती भिंतीलगतच्या बाकावर केस पुसत बसते, हे माहीत आहे. तिची निळी पिशवी त्याला माहीत आहे. चाचणी जानेवारीत आहे हे बारकीने सांगितलं होतं, तारीख त्याने स्वतःच शोधली. आणि तिला घरात मासोळी म्हणतात, हेही त्याला माहीत आहे.

हे शेवटचं सगळ्यात वाईट. आपल्या बाबांनी ठेवलेलं नाव, घराबाहेर कुणाच्या तोंडी नाही. उद्या एखादा माणूस तिच्यासमोर येऊन "मासोळी, तुझ्या पप्पांनी मला पाठवलंय" म्हणाला, तर ती कशाला शंका घेईल? म्हणून निदान एवढं तिला सांग. माझ्यावर विश्वास नसेल तर माझं नाव घेऊ नकोस, पण सांग.

आज संगणकाच्या बाई घरी आल्या होत्या. त्यांनी गेल्या सत्रात मुलांना हाच धडा शिकवला होता. अनोळखी माणसाशी बोलू नये, स्वतःची माहिती देऊ नये, फोटो पाठवू नये. बारकीचा पेपर त्यांनी बरोबर आणला होता. सगळी उत्तरं बरोबर, सुवाच्य अक्षरात. बाईंनी तिला जवळ बसवून विचारलं, तुला तर सगळं येत होतं, मग कसं झालं? बारकी बोटं मोडत बसली. मग म्हणाली, "तो अनोळखी वाटतच नव्हता. तो रोज विचारायचा, आज दिवस कसा गेला."

बाईंनी तो पेपर घडी घालून पर्समध्ये ठेवला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. मी तिला रोज काय विचारते, ते मनाशी आठवून पाहिलं. जेवलीस का, अभ्यास झाला का, दिवा का चालू ठेवलास.

तू मासोळीला घेऊन चाचणीला जा. फक्त हे सगळं डोक्यात ठेवून जा.

धाकटी


शुक्रवार, १६ जानेवारी, तुझ्या जिन्यात

ताई,

हे मी तुझ्या दाराबाहेरच्या पायरीवर बसून लिहितेय. मी आणि बारकी दुपारच्या बसने आलो. बेल वाजवली तेव्हा आतला टीव्ही बंद झाला, म्हणजे तू घरात आहेस. मग भावोजींचा आवाज आला, "आत्ता नको, उद्या तिची चाचणी आहे." ते दाराला तोंड लावून हळू बोलत होते, मासोळीला ऐकू जाऊ नये म्हणून. मी काही ओरडले नाही. शेजारच्या काकू दार किलकिलं करून बघून गेल्या. त्यांना मी, चावी विसरले, असं सांगितलं.

इथे येण्याआधी तुमच्या गावच्या ठाण्यात जाऊन आले. आमच्या ठाण्यातल्या बाईंचा निरोप पोचलाय. दोन माणसं साध्या कपड्यात तलावावर असतील असं साहेब म्हणाले. मुलीच्या घरी कळवलं का, विचारलं तर म्हणाले, फोन केला होता, वडिलांनी "तो घरगुती वाद आहे, आम्ही बघून घेऊ" म्हणून सांगितलं. मी कपाळाला हात लावला. मग त्यांना म्हटलं, साहेब, वाद घरगुती आहे, पण तो माणूस घरातला नाही.

आम्ही आज इथेच स्टँडजवळच्या लॉजवर राहतोय. उद्या मी मागच्या फाटकापाशी असेन. तुझ्यासमोर येणार नाही. तू हाकललंस तर रस्त्याच्या पलीकडे उभी राहीन, पण असेन.

बारकीने मासोळीला चिठ्ठी लिहिली आहे. मी वाचली, काही बदललं नाही. माझं पत्र फेकून दे, पण ही तिच्यापर्यंत जाऊ दे. दाराखालून सरकवतेय.

धाकटी

*

मासोळी,

तू माझ्याशी बोलू नकोस, चालेल. फक्त वाच. मी तुझे फोटो लावले होते तेव्हा मुलं तुला छान म्हणायची आणि मला वाटायचं मलाच म्हणताहेत. ते सगळं माझंच चुकलं. पण उद्याचं खोटं नाही. एक माणूस येणार आहे. तो मुलगा नाही असं पोलीसबाई म्हणाल्या, पाठवलेला फोटो दुसऱ्याच कुणाचा तरी होता. त्याला तुझं घरातलं नाव मासोळी आहे हे मी सांगितलंय. म्हणून उद्या तुला कुणीही मासोळी म्हटलं आणि तू त्याला ओळखत नसलीस तर त्याच्याशी काही बोलू नकोस. हो नाही काहीच नको. सरळ तुमच्या मॅडमकडे जा. तो चांगलं बोलेल. तो खूप चांगलं बोलतो. म्हणून सांगतेय.

बारकी


रविवार, २५ जानेवारी

ताई,

त्या दिवशी आपण एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. तू वरच्या कठड्याशी होतीस, पोहणाऱ्या मुलींकडे बघत, आणि जे झालं ते तुला दिसलंच नाही. तुझ्या मुलीबाबत काय घडलं ते तुला कुणा परक्याकडून तुकड्या-तुकड्याने कळावं हे मला बरं वाटत नाही. म्हणून मी पाहिलं ते लिहिते.

मी सायकलींच्या मागे उभी होते. बारकीला मी साध्या कपड्यातल्या शिपाईबाईंबरोबर चहाच्या टपरीवर बसवलं होतं. सकाळपासून पालकांची ये-जा चालली होती आणि प्रत्येक पुरुष मला तोच वाटत होता. एका गृहस्थाकडे मी इतकं टक लावून पाहिलं की त्याने विचारलं, आपली ओळख आहे का? तो कुणाचा तरी आजोबा निघाला.

खरा आला तेव्हा मात्र मला शंकाही आली नाही. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात शिट्टी. हातात पाण्याची बाटली आणि घडी घातलेला टॉवेल. तिथे असे बरेच जण होते, प्रशिक्षकच वाटला. तो बाकावर जाऊन बसला आणि टॉवेल मांडीवर ठेवून वाट बघत राहिला, लेकीची वाट बघणारा बाप बसतो तसा.

मासोळीची पहिली फेरी झाली होती. ती तुझ्याकडे वर हात हलवून निळी पिशवी घेऊन मागच्या बाजूला आली, केस पुसायला. तू तिला आतच थांब म्हणून सांगितलं होतंस हे मला नंतर कळलं. पण तिच्या जागी मीही आले असते, सवयीची जागा होती ती. तिला पाहून तो उठला. टॉवेल पुढे करत हसून म्हणाला, "मासोळी, फार छान पोहलीस."

मध्ये सायकली होत्या, त्या पाडत मी निघाले.

मासोळी थांबली. त्याच्याकडे पाहिलं. तिचं तोंड पांढरं पडलेलं मला तेवढ्या लांबून दिसलं. तिने टॉवेलला हात लावला नाही, तोंडातून शब्द काढला नाही. मागे वळली आणि निथळत्या अंगाने चालत आत गेली. पळाली नाही. तो तिच्यामागे जाऊ लागला, अगं ऐक तरी, म्हणत. तेवढ्यात दाराशी उभा असलेला, आइस्क्रीम खात असलेला माणूस पुढे झाला आणि त्याचा दंड धरला. तो पोलीस आहे हे मला तोवर कळलं नव्हतं.

मी आत गेले तेव्हा मासोळी प्रशिक्षक बाईंना बिलगून उभी होती. बाईंनी विचारलं, तुला कुणी सांगितलं होतं असं करायला? ती म्हणाली, "बारकीने."

चिठ्ठी तू कचऱ्याच्या डब्यात टाकली होतीस, असं ती बाईंना म्हणाली. तिने ती काढून वाचली. यावरून तिला रागावली असशील तर रागावू नकोस.

मग तू धावत खाली आलीस. तुझा चेहरा मी विसरणार नाही. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मासोळीला कुशीत घेऊन आतल्या बाकावर बसलीस. शिपाईबाई बारकीला घेऊन आल्या तेव्हा ती लांबच उभी राहिली, पुढे येईना. तू तिच्याकडे पाहिलंस. मग बाकावरची निळी पिशवी उचलून खाली ठेवलीस. एवढंच केलंस. पण तिला कळलं, ती येऊन बसली. मलाही कळलं.

दुसऱ्या फेरीत मासोळी मागे पडली आणि निवड झाली नाही, हे प्रशिक्षक बाईंनी कळवलं. याची भरपाई मी कशाने करू, मला सुचत नाही.

आता जे मला काल समजलं ते. त्याच्या फोनमध्ये आणखीही मुलींशी बोलणं सापडलं आहे. आमच्या तक्रारीच्या बाईंनी मला बोलावलं, खोट्या खात्यावरचं सगळं बोलणं त्याच्याकडे शाबूत होतं. आपण आपल्या बाजूचं पुसलं, पण त्याच्याकडचं तसंच होतं. त्यातलं बारकीने लिहिलेलं कोणतं ते मी वाचून ओळखायचं होतं. बाकड्यावर बसून मी वाचत गेले. लाजेने मेले, रागाने मेले, आणि मग एका जागी थांबले.

त्याने विचारलं होतं, तुझ्या घरी आणखी कोण कोण आहे? बारकीने, मासोळी होऊन, लिहिलं होतं. ते जसंच्या तसं उतरवतेय: "माझी एक मावसबहीण आहे. ती चित्रं खूप सुंदर काढते. माझ्यापेक्षा ती हुशार आहे, पण कुणाच्या लक्षात येत नाही. मला ती फार आवडते."

ताई, माझ्या घरात कुणी चित्रं काढतं हे मला माहीत नव्हतं.

तिचं चुकलं ते चुकलंच. त्यावर पांघरूण घालायला हे लिहीत नाहीये. ती अजून रोज दचकून उठते, आणि शाळेत बाईंनी तिला सांगितलंय, वाटलं तर वर्गाला तू सांग, नाही वाटलं तर कधीच नको. तिने अजून ठरवलेलं नाही. मी तिला विचारत नाही. पण ते वाचल्यापासून माझं कामात लक्ष लागेना. आज रविवार, ती खिडकीशी बसली होती. मी शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, तुझी चित्रं बघायची आहेत मला.

तिने मान वर केली नाही. कुठलं चित्र, म्हणाली.

मी म्हटलं, सगळी.

ती माझ्याकडे बघत राहिली, मी रागावले आहे की काय ते ताडून बघावं तशी. मग उठून आत गेली. पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, मग कपाट उघडल्याचा, मग पुन्हा पलंगाचा. तेवढ्यात तुला हे लिहून घेतेय. बराच वेळ झाला, अजून आली नाही. बरीच असणार.

आली. दोन्ही हात भरलेत तिचे, दार मला उघडायला हवं.

तुझी धाकटी